गेलेल्या बैलाच्या मापाचा झोपा

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की आपण आधी रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो आणि दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नये म्हणून ओरडतो. पण तो वास गॅसचा नसतोच. प्रोपेन, ब्युटेन, मिथेन यांना आपल्या नाकाला कळेल असा वास नाही. ती कुजकट दुर्गंधी मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त रसायनाची असते, आणि ते गॅसमध्ये घालणं कंपन्यांना नियमाने बंधनकारक आहे.

या नियमामागे एक शाळा आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातलं न्यू लंडन नावाचं गाव, तारीख १८ मार्च १९३७. जमिनीखाली तेल सापडल्यामुळे गावाला पैशाची ददात नव्हती. शाळेची इमारतही हेवा वाटावा अशी. तरीही शाळेने गॅसच्या बिलात बचत करायचं ठरवलं. तेलविहिरींवर प्रक्रियेनंतर उरणारा गॅस तेव्हा जाळून टाकत असत. तो वाहून नेणाऱ्या नळाला शाळेने आपली जोडणी करून घेतली. गॅस फुकटात मिळाला, पण त्याला वास नव्हता. तो गळत गळत जोत्याखालच्या पोकळीत साठला आणि दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला कार्यशाळेत कुणीतरी लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं. जवळपास तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने गॅसला वास देण्याची सक्ती केली, आणि हळूहळू ती इतरत्रही आली.

गोष्ट इथे थांबवली तर ती फार समाधान देणारी वाटते. सुरक्षेचे नियम रक्ताने लिहिलेले असतात, हे वाक्य अग्निशमन सप्ताहाच्या भाषणांत हमखास येतं. (१४ एप्रिलला सुरू होणारा हा सप्ताह १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ असतो, हे मात्र भाषणाला बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं.) मला हे वाक्य पटत नाही. त्यात एक छुपा दिलासा आहे: माणसं गेली, पण वाया गेली नाहीत, त्यांच्यामुळे आपण शहाणे झालो. न्यू लंडनच्या बाबतीत हे खोटं आहे. गॅसमध्ये वास मिसळण्याची युक्ती जर्मनीत १८८० च्या दशकातच वापरून झाली होती. शहाणपण अर्धशतक आधीपासून पडून होतं. त्या मुलांच्या मरणाने नवी माहिती काहीच मिळाली नाही, फक्त ती वापरायची सक्ती मिळाली.

आपल्याकडे याला बैल गेला आणि झोपा केला म्हणतात आणि उशीर झाला म्हणून हळहळतात. माझी तक्रार उशिराबद्दल कमी आणि मापाबद्दल जास्त आहे. झोपा होतो तो नेमका गेलेल्या बैलाच्या मापाचा. दुर्घटना जो कायदा जन्माला घालते त्याचा तोंडावळा त्या दुर्घटनेसारखाच असतो. तिच्यासारखं जे दिसतं ते त्याला दिसतं. जे दिसत नाही, ते पुढच्या स्फोटापर्यंत त्याच्या हिशेबातच नसतं.

भोपाळ घ्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि हजारो माणसं गेली. त्यानंतरच्या सात वर्षांत देशाने एकामागून एक कायदे केले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातलेलं धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा. यांतला एकही निरुपयोगी नाही. पण १९८९ चे नियम चाळून पाहिले तर त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता कारखाना होता ते लगेच कळतं. मोठी कंपनी, मोठ्या टाक्या, टनांत मोजला जाणारा साठा. अमुक रसायन अमुक टनांहून जास्त असेल तर सुरक्षा अहवाल द्या, आपत्कालीन आराखडा करा, रंगीत तालीम घ्या. मर्यादेच्या खाली असाल तर त्यांतल्या जड जबाबदाऱ्या तुमच्यावर येत नाहीत.

आता डोंबिवली एमआयडीसीत जा. तिथे भोपाळच्या टाक्या नाहीत. तिथे शेड आहेत, शेडला लागून रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे इमारती आहेत. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा जण गेले, कितीतरी अंतरावरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान कंपनीत स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून जास्त माणसं गेली. मधल्या आठ वर्षांत कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या, आणि नंतर पुन्हा झाल्या. साठ्याच्या आकड्यावर उभा असलेला कायदा या वस्तीकडे पाहतो तेव्हा त्याला एकेक छोटी शेड दिसते. शंभर शेड आणि त्यांच्यामध्ये राहणारी माणसं मिळून धोका केवढा होतो, हे पाहायची त्याला सवयच नाही.

२०२४ च्या त्या दुपारी पहिल्या बातम्या आल्या त्या बॉयलर फुटल्याच्या. नंतर कळलं की फुटला तो रिअ‍ॅक्टर. वाचणाऱ्याला यात फार फरक वाटला नसेल. कायद्याच्या दृष्टीने तो जमीनअस्मानाचा आहे. १८६३ मध्ये कोलकात्यात एक बॉयलर फुटला, त्यावरून १८६४ मध्ये बंगालमध्ये कायदा झाला आणि पुढे १९२३ मध्ये देशभराचा. त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली आहे. वाफेच्या बॉयलरला स्वतःची नोंदणी आहे, स्वतंत्र निरीक्षक आहे, ठरलेल्या मुदतीचं प्रमाणपत्र आहे. त्याच शेडमध्ये चार पावलांवर, तेवढ्याच दाबाखाली आणि शिवाय आत रासायनिक क्रिया चालू असलेल्या रिअ‍ॅक्टरला असा स्वतंत्र कायदा नाही. तो तेव्हाच्या कारखाने कायद्यातल्या दाबपात्रांच्या सर्वसाधारण कलमात बसत होता. कारण सरळ आहे. एकोणिसाव्या शतकात वाफ फुटत होती, म्हणून वाफेचा कायदा झाला. रसायनं नंतर आली.

यावर कुणी म्हणेल की मग कायदे आणखी करा. मी तसं म्हणत नाही. नुसत्या कायद्याने काय होतं याचा सर्वांत कडवट धडा वेल्समधल्या सेंघेनिथ नावाच्या कोळसा खाणीचा आहे. खाणीत मिथेन साचतो, हे तिथे सगळ्यांना पाठ होतं. १९०१ मध्ये याच खाणीत स्फोट होऊन ८१ माणसं गेली होती. १९११ च्या ब्रिटिश कायद्याने प्रत्येक खाणीला हुकूम दिला की हवा खेळवणारे पंखे गरज पडताच उलटे फिरवता आले पाहिजेत, म्हणजे आग लागली तर धूर माणसांच्या अंगावर न ढकलता बाहेर ओढता येईल. मुदत होती १ जानेवारी १९१३. सेंघेनिथने मुदत वाढवून घेतली, सप्टेंबरअखेरपर्यंतची. तीही उलटली. १४ ऑक्टोबर १९१३ ला स्फोट झाला तेव्हा पंखे तसेच होते. ४३९ खाणकामगार गेले, आणि त्यांना वाचवायला उतरलेला आणखी एक. न्यायालयाने व्यवस्थापकाला २४ पौंड दंड केला, कंपनीला दहा. एका माणसाच्या जिवाची किंमत जेमतेम एक शिलिंग आणि वर सव्वा पेनी पडते, असा हिशेब तिथल्या एका वर्तमानपत्राने तेव्हाच मांडला. मुदतवाढ हा शब्द आपल्या सरकारी कागदांवर इतका निरुपद्रवी दिसतो, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

मग बदल घडतो कशाने? याचं उत्तर मृतांच्या संख्येत शोधलं तर सापडत नाही. लंडनमधल्या रोनान पॉइंट इमारतीत फक्त चार माणसं गेली, आणि तिने जगभरच्या इंजिनिअरांची इमारतीकडे पाहायची दृष्टी बदलली.

१६ मे १९६८ ची पहाट. बावीस मजली नवी कोरी इमारत, लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता. स्फोटात बाहेरची भिंत उडाली, तिच्या आधाराने उभे असलेले वरचे मजले खाली आले, त्यांच्या भाराने खालचे कोसळले आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा ढासळला. बाई वाचल्या. सरकारने लगेच चौकशी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल त्याच वर्षी छापून आला. शेगडीच्या जोडणीतली पितळी चाकी दर्जाहीन होती, असं त्यात निघालं. आपल्याकडे चौकशी बहुधा इथेच थांबली असती. चाकी बसवणारा प्लंबर पकडला असता आणि त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला असता. आयोगाने पुढचा प्रश्न विचारला. त्या बाईंच्या कानांचे पडदेसुद्धा फाटले नव्हते, म्हणजे स्फोट फार मोठा नव्हता. मग एका स्वयंपाकघरातल्या लहानशा स्फोटाने बावीस मजल्यांचा कोपरा का पडावा? उत्तर सांध्यांत होतं. कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती एकमेकींवर नुसत्या रचल्यासारख्या होत्या. त्यांना बांधून ठेवणारं फारसं काही नव्हतं. १९७० मध्ये नियम बदलला: इमारतीचा एक भाग गेला तरी त्या मानाने अवाजवी पडझड होता कामा नये.

इथेही माप आडवं आलंच. तो नियम पाच आणि त्याहून जास्त मजल्यांच्या इमारतींपुरता होता. लहान इमारतींना तो लागू व्हायला २००४ उजाडलं. आणि खुद्द रोनान पॉइंट डागडुजी करून वापरात राहिली. १९८६ मध्ये ती उतरवली तेव्हा सांध्यांत सिमेंटऐवजी काही ठिकाणी वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले निघाले.

चहाची काडी आपल्याकडेही पेटली. २७ जून २०१४, आंध्र प्रदेशातल्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातलं नगरम गाव. पहाटे ‘गेल’ या सरकारी कंपनीची गॅसवाहिनी फुटली, गॅस गावात पसरला, आणि चहाच्या टपरीवरच्या शेगडीने तो पेटला असं सांगितलं गेलं. वीसहून अधिक माणसं होरपळून गेली. पहिले काही दिवस चर्चा त्या शेगडीची. चौकशीत जे निघालं ते जास्त महत्त्वाचं होतं: कोरड्या गॅससाठी असलेल्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला गॅस वाहत होता आणि पाण्याने नळ आतून खाल्ला होता. पहाटे साडेपाच-सहाला भारतातल्या कुठल्याही गावात कुणीतरी चहा टाकतच असतो. ठिणगी कुठून आली हा प्रश्न म्हणूनच जवळजवळ निरर्थक आहे. गॅस बाहेर का होता, एवढाच प्रश्न असतो.

तो प्रश्न कोण विचारतो यावर बरंच अवलंबून आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट होऊन १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा झडप काढली होती, तो कागद रात्रपाळीला मिळाला नाही आणि त्यांनी तोच पंप चालू केला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या, आणि सरकारने त्या सगळ्या स्वीकारल्या. त्यांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती तांत्रिक नाहीच. तोवर फलाटांच्या सुरक्षेची तपासणी ऊर्जा खात्याकडे होती, म्हणजे ज्या खात्याला तेलाचं उत्पादन वाढवायचं होतं त्याच्याकडेच. कलन यांनी ती तिथून काढून कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेच्या स्वतंत्र संस्थेकडे द्यायला लावली.

आपल्याकडे स्फोटकं, पेट्रोलियम आणि गॅस सिलिंडर यांचे परवाने देणारी संस्था म्हणजे पेसो. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. ती कोणत्या खात्याखाली येते? उद्योगाला प्रोत्साहन देणाऱ्या विभागाखाली, वाणिज्य मंत्रालयात. तेलकंपन्यांच्या सुरक्षेचे मानदंड ठरवणारं तेल उद्योग सुरक्षा संचालनालय भोपाळनंतर १९८६ मध्ये सुरू झालं, आणि ते पेट्रोलियम मंत्रालयात आहे, ज्याच्या हाताखाली सरकारी तेलकंपन्या आहेत. तिथल्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाही. पण उत्पादन वाढवण्याचं उद्दिष्ट आणि ते थांबवण्याचा अधिकार एकाच मंत्र्याच्या टेबलावर आले, तर वर्षाअखेरीला कोणतं वजनदार ठरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट उघडेपणाची. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेलडेपोत एक टाकी ओसंडून वाहिली, पेट्रोलच्या वाफेचा ढग पसरला आणि प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून कुणी दगावलं नाही. ढग किती पसरला, पातळी दाखवणारं यंत्र कसं अडकलं, शेवटचा धोक्याचा स्विच का चालला नाही, हे सगळं पुढच्या तीन वर्षांत जाहीर झालं. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या डेपोत झडपा उघडताना पेट्रोलचा फवारा सुटला आणि सव्वा तासाच्या आसपास तसाच चालू राहिला. पुन्हा तसाच ढग आणि तसाच स्फोट. इथे मात्र अकरा माणसं गेली. पुस्तक छापलेलं होतं, आपण उघडलं नव्हतं. पण याच घटनेत एक चांगलं उदाहरणही आहे. एम. बी. लाल समितीने काही महिन्यांत अहवाल दिला आणि तो लोकांना वाचायला मिळाला. झडपेची जुनी रचना बदला, टाकीची झडप दुरून बंद करता आली पाहिजे, असं त्यात नेमकं लिहिलं होतं, आणि देशभरच्या डेपोंना ते कामाला आलं.

हे अपवादाने होतं, ही अडचण आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पात गॅसगळतीने स्फोट होऊन तीसहून अधिक माणसं गेली. आज रायगडात किंवा पालघरात रासायनिक कारखाना चालवणाऱ्या किती जणांनी त्याची कारणमीमांसा वाचली असेल? अहवाल मागितला की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, हे उत्तर तयार असतं. विमान पडलं तर हे उत्तर चालत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचे नियमच सांगतात की अपघाताच्या तपासाचा उद्देश पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नव्हे. तपास वेगळा आणि खटला वेगळा, आणि अहवाल जाहीर. गॅसच्या स्फोटाला हे का लागू नसावं, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. विमानात पुढारी आणि उद्योगपती बसतात, शेडमध्ये बसत नाहीत, हे एक उत्तर आहे, पण ते कुणी लिहून देणार नाही.

उद्योजक म्हणतील, पुन्हा इन्स्पेक्टर राज आणायचं का? त्यांची भीती खोटी नाही. निरीक्षक येतो, चहा घेतो, पाकीट घेतो आणि जातो, हे सगळ्यांनी पाहिलंय. पण त्यावर उपाय म्हणून स्वयंप्रमाणपत्राचा मार्ग काढला, तर त्याचाही अनुभव आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत आपली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून पाहा, शेवटचं कधी दिलं. पाकीट घेणारा निरीक्षक आणि न पाहता मारलेला शिक्का, दोन्ही बंद दारामागे जगतात. अहवाल उघडे असतील तर दोघांनाही जड जाईल.

राहिली ती दुर्घटना, जी कधी दुर्घटना म्हणून मोजलीच जात नाही. देशात तीस कोटींहून जास्त घरांत सिलिंडर आहे. तो एका वेळी एका घरात भडकतो. दोन-तीन माणसं भाजतात, स्थानिक पानावर चौकटीत बातमी येते: सिलिंडरचा स्फोट. बहुतेक वेळा सिलिंडर फुटलेला नसतोच. नळीतून किंवा रेग्युलेटरपाशी गळलेला गॅस खोलीत साठून पेटलेला असतो. टाकी खरोखर फुटते ती सहसा नंतर, आगीत तापून. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोहोंवरचे उपाय वेगळे. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. मुंबईत नळाने येणारा गॅस हलका, तो छताला जातो. ओट्याखाली सिलिंडरला बंद कपाट करणारा सुतार आणि खिडकीला घट्ट सरकती काच बसवणारा कंत्राटदार यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगायला लावणारा नियम कुणी केलेला नाही, कारण एका दिवसात तीनशे माणसं कधी गेली नाहीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अपघाती मृत्यूंच्या तक्त्यात यासाठी एक रकाना आहे: स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर किंवा स्टोव्ह फुटणे. दोन्ही एकत्र. नळी फाटली होती का, सिलिंडर बेकायदा भरलेला होता का, खोलीला खिडकी होती का, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

या रकान्यातल्या स्टोव्हचा इतिहास मराठी माणसाला सांगायला नको. साठ-सत्तरच्या दशकांत घरोघर स्टोव्हचे भडके उडत आणि पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होई. मग बायकांच्या संघटनांनी साधा प्रश्न विचारला: हा स्टोव्ह सुनेच्याच हातात का भडकतो, सासूच्या का नाही? त्या प्रश्नातून १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत स्त्री संशयास्पद मेली तर शवविच्छेदन आणि चौकशी आवश्यक झाली, छळाचं कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं. एकही मोठा स्फोट झाला नव्हता. विखुरलेली मरणं कुणीतरी एकत्र मांडली आणि कारण विचारलं, एवढंच.

गॅसच्या भडक्याबाबत तेवढंच करायचं आहे, आणि त्याला संसदेचीही गरज नाही. अग्निशमन दलाला प्रत्येक वर्दीचा अहवाल लिहावाच लागतो. त्यात नळीचं वय, सिलिंडरची जागा, खिडकी आणि गॅस कुणी भरला, असे चार रकाने वाढवून वर्षाअखेरीला वॉर्डवार आकडे जाहीर करायला मुंबई, पुणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या पालिका आयुक्तांची एक सही पुरावी.